जोड कुणाचा

नारायणगावातून खोडदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमृतचं पत्र्याचं शेड आहे. पाटीवर मोठ्या अक्षरात 'इंजिनिअरिंग वर्क्स' लिहिलंय. आत बनतात ती शेताची फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि द्राक्षाच्या मांडवाचे अँगल. पाटी रंगवताना रंगाऱ्यानं विचारलं होतं, "वेल्डिंग लिहू का?" अमृत म्हणाला, "नको, इंजिनिअरिंग लिही. वजन पडतं."

गावात त्याला आपल्या कामाचा ताठा होता. आयटीआयला वेल्डर ट्रेडमध्ये तो पहिला आला होता, चाकणला कंपनीत काही वर्षं काढली होती, आणि परत आल्यावर आसपासच्या गावांत त्याच्या हाताचं नाव झालं होतं. कुणी ट्रॉलीचा हूक तुटला म्हणून आलं की तो तुटका तुकडा हातात फिरवत आधी विचारायचा, "कुणी जोडला व्हता ह्यो?" आणि नाव ऐकून नुसती मान हलवायचा. पण गावाबाहेर, परीटघडीच्या माणसांत गेला की त्याचं अंग आक्रसायचं. मुलीच्या कॉलेजात पालकांची सभा असली की तो हात खिशात घालून बसायचा, कारण दोन्ही मनगटांवर ठिणग्यांचे डाग होते. बायकोच्या, जयाच्या, माहेरी कुणी विचारलं की काय करता, तर म्हणायचा, "फॅब्रिकेशनचा बिझनेस हाय." जया शेजारी उभी असायची. तिला ते कळायचं.

त्यांची एकच मुलगी, हर्षाली. अकरावीला होती आणि खोडदहून नारायणगावच्या कॉलेजला सायकलनं जायची. कॉलेजात खेळ शिकवणाऱ्या रत्ना मॅडमनी एकदा तिला पाठीवर दप्तर घेऊन, सीटवरून न उठता चढ चढताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. जानेवारीत पुण्याजवळ मुलींची रोड रेस होती. मॅडम म्हणाल्या, "पाय आहेत तुझ्याकडे. पण ही सायकल नाही चालणार. रेसची लागेल, हलकी."

अमृत पुण्यातल्या एका दुकानात जाऊन किंमत विचारून आला. आल्यावर बराच वेळ नळाखाली तोंड धूत बसला. मग म्हणाला, "आपण बनवू."

"बनवू म्हणजे?" हर्षालीनं विचारलं.

"म्हंजे बनवू. नळ्याच तर असत्यात. नळ्या जोडण्यात माझी जिंदगी गेली."

मंचरच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना जुनी रेसची फ्रेम सापडली. कुणा हौशी माणसाची असावी. नळ्या इतक्या पातळ की नखानं टिचकी मारली तर तांब्यासारखा आवाज यायचा. सीटच्या खाली, जिथं नळ्या एकत्र येतात, तिथं मात्र ती तडकून सुटली होती. म्हणून तर भंगारात आली होती. अमृतनं ती एका बोटावर उचलून धरली आणि पोरीकडे बघून हसला.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. शेडचं काम संपलं की दोघं बसायचे. पातळ नळीला साधं वेल्डिंग चालत नाही, नळी जळून भोक पडतं. तिथं गॅसच्या ज्योतीनं पितळ वितळवून जोड भरावा लागतो. अमृतनं हे चाकणनंतर केलं नव्हतं. आधी त्यानं निरुपयोगी तुकड्यांवर हात बसवला. तीन-चार तुकडे जोडून, व्हाइसच्या पकडीत आवळून, हातोड्यानं हाणून पाहिले. नळी वाकली, जोड हलला नाही, तेव्हाच त्यानं फ्रेमला ज्योत लावली.

चाकं हर्षालीनं बांधली. एका मोडक्या गिअरच्या सायकलीचे अॅल्युमिनियमचे रिम मिळाले होते. मोबाईलवर बघून बघून तिनं एकेक तार बसवली, ताणली, चाक फिरवलं, डोळा लावून बघितलं, परत सैल केली. तिच्या बोटांना घट्टे पडले. फ्रेमच्या पुढच्या टोकापासून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोरा ताणून तिनंच सांगितलं, "पप्पा, डावीकडं गेलीय."

"एवढ्यानं काय व्हतंय?"

"सायकल सरळ जाणार नाही. सोडवा."

अमृतनं कुरकुर केली, पण जोड तापवून सोडवला आणि नव्यानं भरला. या वेळी ती फ्रेम धरून बसली, तोंडावर ओढणी बांधून, ज्योतीपासून मान वळवून.

स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. लांब बोल्ट कापून आखूड केले. खाली वळलेलं हँडल जुन्नरच्या एका जुन्या दुकानात कित्येक वर्षं न खपता टांगून राहिलं होतं. ते दुकानदारानं जवळजवळ फुकटच दिलं. हर्षाली एकेक नट तळहातावर तोलून बघायची, तेव्हा अमृत म्हणायचा, "तू सकाळी एक चपाती कमी खा, तेवढंच वजन जाईल." रंग लावला तो एका शाळेच्या फाटकातून उरलेला आकाशी. शेजारच्या दादाभाऊंकडे टोमॅटोचे कॅरेट मोजायचा काटा होता, त्यावर सायकल ठेवली. काट्यावरचा आकडा बघून दादाभाऊ म्हणाले, "आरं, ही सायकल हाय का सुपारी?" जमलेली माणसं हसली. कुणी जोडाला हात लावून विचारलं, "टिकंल का रं ह्यो?"

"सायकल मोडंल," अमृत म्हणाला, "पर जोड मोडायचा न्हाई. माझा जोड हाय त्यो."

हर्षाली रोज भल्या पहाटे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांकडे जाणाऱ्या रस्त्यानं फेऱ्या मारायला लागली. परत आली की तिचे कान लाल झालेले असायचे आणि ती नुसती, "लई पळती, पप्पा," एवढंच म्हणायची.

शर्यतीच्या दिवशी दादाभाऊंचा पिकअप घेऊन बापलेक निघाले. जयाची आई आजारी होती म्हणून ती आली नाही. आदल्या दिवशी तिनं नवऱ्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. तिथं पोचल्यावर अमृतनं हर्षालीच्या पाठीवर नंबराचा कागद चार पिनांनी टाचला. नीट बसला का ते बघायला दोन पावलं मागं सरकला.

मैदान गाड्यांनी भरलं होतं. गाड्यांच्या टपावर, मागं, सगळीकडे सायकली. काळ्या, लाल, चकचकीत, कुठं जोड दिसणार नाही अशा. मुलींच्या अंगावर घट्ट रंगीत कपडे. हर्षालीनं कॉलेजची ट्रॅकपँट घातली होती, पण ती आजूबाजूला बघतही नव्हती. मागच्या टायरात हवा भरत होती.

शेजारच्या गाडीतून एक गृहस्थ आपल्या मुलीची सायकल उतरवत होते. अंगात सायकलवाल्यांचाच शर्ट, डोळ्यांवर गॉगल. त्यांनी आकाशी सायकल पाहिली आणि कौतुकानं खाली वाकले.

"अरे वा! ही कुठून पैदा केली?" मग सीटखालच्या जोडावर बोट ठेवून ते बायकोकडे वळले. "हे बघ ना. एखाद्या गेट-ग्रिलवाल्या वेल्डरचं काम दिसतंय." ते हसले. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं. "कुणी केलंय हो हे?"

अमृतनं तोंड उघडलं. 'मीच' हा शब्द जिभेवर होता. गॉगलच्या काचेत त्याला आपला पांढरा शर्ट दिसत होता.

"काय म्हाईत न्हाई... नाही," त्यानं स्वतःला सुधारलं. "एकाकडून जुनी घेतली. अशीच होती."

"तरीच," ते गृहस्थ म्हणाले आणि उभे राहिले.

पंपाचा आवाज थांबला होता. थोड्या वेळानं तो परत सुरू झाला. अमृतनं खाली पाहिलं नाही.

मग सायकली तपासायला रांग लागली. तपासणीला एक वयस्क गृहस्थ होते, पांढऱ्या मिशा, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला. ब्रेक दाबून बघत, चाक फिरवून बघत. हर्षालीनं बांधलेलं चाक त्यांनी दोनदा फिरवलं आणि "छान," म्हणाले. मग त्यांचा अंगठा जोडावर आला आणि थांबला.

"ही फ्रेम तुटून जोडलेली आहे." त्यांनी अमृतकडे पाहिलं. "कुणी जोडली?"

रांगेत मागंच ते गॉगलवाले गृहस्थ उभे होते. त्यांनीच पुढं होऊन मदत करावी तसं सांगितलं, "त्यांनी सेकंडहँड घेतलीय सर. त्यांना माहीत नाही."

"असं का?" तपासणारे गृहस्थ अमृतलाच म्हणाले. "हे बघा, हातानं जोडलेल्या फ्रेमला माझी हरकत नाही. मी स्वतः अशा सायकलवर रेसा केल्यात. पण ज्यानं जोडली त्याला दोन प्रश्न विचारता आले पाहिजेत. आत काय भरलंय, नळी किती तापवली. वरून रंग मारलाय, मला दिसत नाही. पुढं घाटाचा उतार आहे, पोरगी वेगात असताना हे सुटलं तर? ओळखीचा माणूस असेल तर फोन लावा. मी बोलतो त्याच्याशी."

अमृतचे कान तापले होते. एक शब्द बोलायचा होता. पण तो शब्द बोलायचा म्हणजे मघाचं खोटं या सगळ्यांसमोर उघडं करायचं. हर्षाली त्याच्याकडे बघत होती. रागानं नाही. कुणी ओझं घेऊन जिना चढत असावं आणि तो वर पोचेपर्यंत आपण दार धरून उभं राहावं, तशी थांबून बघत होती.

"नाही," अमृत म्हणाला. "ओळखीचा नाही."

"मग मला ही सोडता येणार नाही. माफ करा." ते गृहस्थ हर्षालीकडे वळले. "बाळ, तुझं तुला काही माहीत आहे का?"

तिनं बापाच्या पांढऱ्या शर्टाकडे एकदा पाहिलं.

"नाही सर," ती म्हणाली. "जाऊ द्या सर."

मग ती त्यांच्याकडेच पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "पिना काढता का जरा?" चारही पिना त्या परक्या माणसानं काढल्या.

शर्यत सुटायला अजून अवकाश होता. तेवढ्या वेळात परत जाऊन बोलता आलं असतं. हे अमृतला नंतर सुचलेलं नाही, तेव्हाही कळत होतं. तो एकदा उठून तपासणीच्या टेबलापर्यंत गेलासुद्धा. तिथं दोन-चार लोक गप्पा मारत होते, त्यांत ते गॉगलवाले होते. टेबलावर पाण्याचे पेले होते. अमृत एक पेला पाणी प्यायला आणि परत आला.

हर्षाली रस्त्याकडेला बांधलेल्या दोरीला टेकून मुलींना सुटताना बघत होती. शेवटची सायकल वळणाआड गेली तेव्हा ती म्हणाली, "चला." पिकअपमध्ये ती पुढं बसली नाही. "सायकल हलती, मी मागं बसते." खेडच्या पुढं गार वारा सुटला. अमृतनं दोनदा गाडी बाजूला घेतली आणि पुढं यायला सांगितलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "बरी हाय मी."

घरी जयानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सायकल पास झाली नाही. जोडलेली चालत नाही म्हणाले." एवढं बोलून ती हातपाय धुवायला गेली.

"आसं कसं?" जयानं नवऱ्याला विचारलं. "आधी न्हाई का सांगायचं त्यांनी? तुमी काय बोललात?"

"मी काय बोलणार? नियम हाय त्यांचा."

दुसऱ्या दिवशी दादाभाऊ आले, आणखी दोघं-तिघं आले. "शहरातली माणसं आपल्या पोरांना वर येऊ देत न्हाईत," दादाभाऊ म्हणाले. "एवढी हातानं सायकल बनवली, बघवली न्हाई त्यांना." अमृतच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. अमृतनं मान हलवली. चहा आला, तो त्यानं सगळ्यांच्या आधी संपवला. हर्षाली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती ऐकत होती आणि तिनं एक अक्षरही काढलं नाही. ते तिचं गप्प बसणं अमृतला सोसेना. ती बोलली असती, सगळ्यांदेखत म्हणाली असती की पप्पा खोटं बोलले, तर एका दमात सगळं संपलं असतं. ती त्याला झाकत होती. सोळा वर्षांच्या पोरीनं बापाला झाकावं, आणि बापानं त्या झाकणाखाली बसून चहा प्यावा.

आकाशी सायकलीवर तिनं जुनी चादर टाकली आणि आपली आधीची जड सायकल काढून कॉलेजला जायला लागली.

गोष्ट तिथंच थांबली असती तर कदाचित अमृतनं ती तशीच गिळून टाकली असती. पण गावातल्या एका तरण्या पोरानं सायकलीचा फोटो टाकून मोबाईलवर लिहिलं, 'खेड्यातल्या लेकीवर अन्याय'. ते फिरत फिरत रत्ना मॅडमपर्यंत गेलं. त्यांनी हर्षालीला विचारलं, तर ती म्हणाली, "मॅडम, सोडून द्या." मॅडमना वाटलं, पोरगी घाबरली. त्यांनी शेडवर फोन केला.

"मी त्या तपासणीवाल्यांची तक्रार करणार आहे," त्या म्हणाल्या. "असल्या माणसाला पुन्हा त्या जागी उभं करता कामा नये. तुम्ही फक्त हो म्हणा."

"बघतो मॅडम," अमृत म्हणाला. फोन ठेवला. समोर एका फाटकाचं काम अर्धं पडलं होतं. चष्मा दोरीनं लटकवलेला तो म्हातारा त्याला आठवला. फोन लावा, मी बोलतो त्याच्याशी, म्हणाला होता. आपल्या मुकेपणाचं पाप आता त्या माणसाच्या माथी जाणार होतं.

त्यानं ज्योत बंद केली, शेडचं शटर ओढलं आणि मोटारसायकल काढून जुन्नरला गेला. मॅडम बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत राहत होत्या. त्यांनी खुर्ची दिली. तो बसला नाही.

"मॅडम, तक्रार नका करू. त्या माणसाची चूक न्हाई. त्यानं इचारलं व्हतं जोड कुणी केला. मी म्हणालो, मला म्हाईत न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे लाज वाटली. एक जण आधी हसला व्हता. वेल्डरचं काम म्हणून. मी पांढरा शर्ट घालून उभा. म्हणालो, माझं न्हाई."

मॅडमनी रिकामी खुर्ची बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, "हर्षालीला सांगितलंत हे?"

"ती तिथंच व्हती. तिला सगळं म्हाईत हाय."

"तिला माहीत आहे हे मला कळलं. तुम्ही तिला सांगितलंत का?"

परत येताना वाटेत एका टपरीवर थांबून अमृतनं पाण्याची बाटली घेतली, पण प्यायला नाही. घरी जया भाकरी थापत होती आणि हर्षाली तिथंच पुस्तक घेऊन बसली होती. तो दारातच उभा राहिला.

"जया, मी त्या दिवशी खोटं बोललो," तो म्हणाला. "हिची सायकल माझ्यामुळं न्हाई पास झाली." आणि त्यानं सगळं सांगितलं. गॉगल, पेलाभर पाणी, सगळं. सांगताना त्यानं कुठंही 'पण' म्हटलं नाही.

जयाचा हात पिठात थांबला. तिनं नवऱ्याकडे बघायच्या आधी पोरीकडे बघितलं.

"हर्षा, चुकलो बाळा," अमृत म्हणाला.

हर्षालीनं पुस्तक मिटलं. "मला वाटलं व्हतं तुमी सांगाल," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "ते पिना काढत होते ना, शेवटची पिन निघेपर्यंत वाटत होतं."

"तू का न्हाई सांगितलंस गं?" जयानं विचारलं.

"काय सांगणार? हे माझे पप्पा, हे खोटं बोलतायत, असं?" आणि मग इतके दिवस अडवून धरलेलं तिच्या डोळ्यांत आलं. "तुमाला तुमचा जोड नको होता, नव्हता म्हणायचं. पण ती माझी पण सायकल होती ना. चाकं मी बांधली. दोरा मी लावला. ते आजोबा चाकाला छान म्हणाले, तेव्हा मला सांगायचं होतं की मी बांधलंय. कुणाकडून तरी आणलेल्या सायकलीचं कसं सांगणार?"

अमृतला हे सुचलंच नव्हतं. इतके दिवस तो आपल्याच अब्रूचं उलटंपालटं करत बसला होता. आपण स्वतःला नाकारलं एवढंच त्याला दिसत होतं. त्या एका वाक्यात पोरीचे सगळे महिने, तिची घट्टे पडलेली बोटं पण गेली, हे आत्ता कळलं. तो दारातल्या दारात खाली बसला.

"भाकरी करपतीय," हर्षाली आईला म्हणाली आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दादाभाऊंच्या ओट्यावर गेला. नेहमीची माणसं होती. त्यांच्यासमोर त्यानं सांगितलं. लोक हसतील, टोमणे मारतील, अशी तयारी करून गेला होता. पण कुणी हसलं नाही. दादाभाऊ म्हणाले, "मंग त्यात काय एवढं? परक्या जागी माणूस बावरतं. सोडून दे." ते त्याला जास्त लागलं. शिव्या पडल्या असत्या तर काही फिटल्यासारखं वाटलं असतं. एवढ्या सहज माफी मिळाली तर ती ठेवायची कुठं? ज्या पोरानं मोबाईलवर लिहिलं होतं त्यानं ते काढून टाकलं आणि नंतर कित्येक दिवस अमृतसमोर आला की उगाच दुसरीकडे बघायला लागला.

रत्ना मॅडमनी तपासणीच्या गृहस्थांचा नंबर मिळवून दिला. अमृतनं फोनवर नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि म्हणाला, "तो जोड माझा हाय. त्या दिवशी बोललो न्हाई." पलीकडून त्यांनी आधी गावाचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात आणखी एक रेस आहे. त्याआधी सायकल घेऊन या. बघू."

त्यानं हर्षालीला विचारलं, "सायकल घेऊन जाऊ का?" तिनं चादर काढून दिली. बरोबर येते का म्हणून विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

तो कामाच्याच कपड्यांत गेला. त्या गृहस्थांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, त्यांनी त्याच्या हातात पॉलिश पेपर दिला आणि म्हणाले, "जोडावरचा रंग काढा. आतलं बघू दे." अमृत उकिडवा बसून रंग घासत राहिला. आकाशी भुकटी त्याच्या गुडघ्यांवर पडत होती. खालून पितळ वर आलं, सगळीकडून सारखं, नळीला चिकटून बसलेलं. गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, भिंगानं बघितलं, नळी किती लाल केली ते विचारलं, आधी कशावर हात बसवला ते विचारलं. मग उठून म्हणाले, "चांगला जोड आहे. आता यावर रंग देऊ नका. साधं वॉर्निश मारा, म्हणजे दिसत राहील."

"चाकं पोरीनं बांधल्यात," अमृत म्हणाला. "त्या दिवशी तुमी छान म्हणालात. तिनं बांधल्यात."

"हो? मग तिला सांगा, मी पुन्हा म्हणालो म्हणून."

ते त्यानं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. हर्षालीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुढच्या रेसला मी मॅडमबरोबर जाणार हाय. तुमी येऊ नका."

जया काहीतरी बोलायला गेली. अमृतनं हातानंच तिला थांबवलं. "बरं," तो म्हणाला.

रेसच्या दिवशी त्यानं शेड उघडलं, पण काम काही केलं नाही. गिऱ्हाईकं आली, त्यांना उद्या या म्हणाला. दुपारी मॅडमचा फोन आला की ती बाविसावी आली, उतारावर भारी पळाली, शेवटच्या चढावर पोटरीत गोळा आला. अमृतनं "बरं, बरं" म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "आणखी काही विचारायचंय का?" तो म्हणाला, "न्हाई मॅडम." खूप विचारायचं होतं. पण तिथं नसलेल्या माणसानं कुठून सुरुवात करायची ते त्याला कळेना.

ऊन उतरता उतरता मॅडमची गाडी दारात आली. हर्षाली लंगडत उतरली. आईनं तिला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला, दोघी ओट्यावर बसल्या आणि हर्षाली आईला घाटातली वळणं हातानं दाखवायला लागली. पुढं कोण पडली, कुणी पाणी दिलं, गोळा आल्यावर कसं एका पायानं ओढलं. अमृत खांबापाशी उभं राहून ऐकत होता. त्याला ती काही सांगत नव्हती, आणि त्याच्यापासून लपवतही नव्हती.

सायकल अंगणात भिंतीला टेकून होती, धुळीनं भरलेली. एरवी त्यानं कधीच उचलून आत नेली असती. तो दोन पावलं गेला आणि थांबला.

"घेऊ का आत?" त्यानं विचारलं.

हर्षालीनं बोलणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. जया मान खाली घालून बसली होती.

"घ्या," ती म्हणाली. "पण पुसू नका. मी पुसणार हाय."

आणि ती पुन्हा आईकडे वळली. अमृतनं सायकल उचलली. ती हलकी होती, एका हातात यायची. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली, उंबऱ्याला लागू न देता आत नेली आणि जिथं ती ठेवायची तिथं ठेवली.